बैलघोडा हॉस्पिटलच्या दारापर्यंत

2024 च्या जुलै महिन्याचा पहिला आठवडा मी ठाण्यातल्या एका सेतू केंद्राबाहेरच्या रांगेत काढला. मला पशुवैद्यक पदवीच्या प्रवेशासाठी वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला हवा होता, आणि नेमके त्याच दिवसांत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाल्यामुळे अधिवासाच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी अर्ध्या शहरातल्या बायका त्याच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाऊस धरलेला होता, छत्र्यांच्या काड्या एकमेकींच्या केसांत अडकत होत्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या रेशनकार्डांच्या झेरॉक्स खिडकीपाशी पोहोचेपर्यंत दमट होत होत्या. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मावशींनी मला आधी माझे लग्न झाले आहे का, ते विचारले आणि नाही म्हटल्यावर मग दाखला कशाला, असे विचारले. मी कारण सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ढोरांची डॉक्टर? माणसांची नाही मिळाली का?"

हा प्रश्न पुढच्या काही महिन्यांत मला नातेवाइकांनी, क्लासमधल्या सरांनी, फोटो काढून देणाऱ्या दुकानदाराने आणि एकदा तर रिक्षावाल्यानेही विचारला. माणसांची डॉक्टरकी मिळाली नाही हे खरे आहे आणि ती मी मागितली नव्हती हेही खरे आहे. मात्र दुसरे वाक्य अगदी पूर्णपणे खरे नाही, ते पुढे ओघात येईलच.

ठाण्यात वाढलेल्या मुलीला गुरांशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्यांना बहुधा बिबट्याची गोष्ट ऐकायची असते. 2019 च्या फेब्रुवारीत कोरम मॉलच्या परिसरात बिबट्या शिरला आणि जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडले, तेव्हा मी आठवीत होते आणि वर्तकनगरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण तो बिबट्या मी टीव्हीवरच पाहिला आणि त्यामुळे माझ्यात काहीही बदल झाला नाही. जे बदलले ते आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर असलेल्या एका छोट्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. अकरावीत असताना गल्लीतल्या कुत्रीला तिथे नेले आणि नंतर दर शनिवारी नुसतीच जाऊ लागले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला पहिल्यांदा शिकवली ती गोष्ट म्हणजे मुसके बांधणे. बँडेजच्या पट्टीचा सैल फास करायचा, तो कुत्र्याच्या समोरून न येता बाजूने येऊन त्याच्या नाकाडावर सरकवायचा, पहिली गाठ वर, मग पट्टी फिरवून जबड्याखाली दुसरी, आणि दोन्ही टोके कानांमागे नेऊन तिसरी, जी एका झटक्यात सुटली पाहिजे. फास सरकवताना हात क्षणभर थबकला तरी कुत्र्याला ते कळते. मला ते नीट जमायला दोन महिने लागले, आणि ज्या शनिवारी जमले त्याच दिवशी मॅडमनी एका गावठी कुत्रीच्या मांडीवरच्या जखमेतून चिमट्याने त्रेचाळीस अळ्या काढल्या. आकडा लक्षात आहे, कारण मोजत राहिले की पोटात ढवळत नाही असे मॅडमनी सांगितले होते आणि ते खरे निघाले.

दुसरे कारण मामाच्या गोठ्यातले आहे. माझा मामा फलटणकडे असतो; त्याच्याकडे खिलारची एक जोडी आणि चार जर्सी गाई आहेत. 2022 च्या पावसाळ्यात लंपीची साथ पसरली, तेव्हा मी बारावीत होते आणि गणपतीनंतर चार दिवस आजोळी गेले होते. मामाच्या एका गाईच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या होत्या, पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला होता आणि ती वैरणीला तोंड लावत नव्हती. बाकीच्या जनावरांना लस टोचायला जी माणसे आली, त्यांत शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातली, इंटर्नशिप करणारी एक मुलगी होती. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना का देतात, असा प्रश्न मामाने अविश्वासाने विचारला, तेव्हा तिने हातातले काम न थांबवता दोन्ही विषाणू जवळचे भाऊबंद आहेत, एवढेच सांगितले. तिने मला मोरकी धरायला लावली, गाईच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलली, सुई कातडीखाली सरकवली आणि टोचल्या जागी अंगठ्याने चोळून ती पुढच्या गाईकडे वळलीसुद्धा. गावात कोणाचे फारसे ऐकून न घेणारा माझा मामा त्या सकाळी तिच्यामागे बादली घेऊन गोठाभर फिरत होता. आजारी गाय पुढे वाचली, तिचे दूध मात्र आटले ते आटलेच. मी ठाण्याला परतले ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिरवळ हा शब्द लिहून.

या शिक्षणाकडे जाण्याचा रस्ता कागदावर सरळ दिसतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि खुल्या प्रवर्गाला या चारही विषयांत मिळून किमान 50 टक्के गुण हवेत. इंग्रजीचे गुण इथे एकत्रित टक्केवारीत धरतात, हे वैद्यकीयच्या अर्जाची सवय झालेल्या मुलांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशांसाठीची देशपातळीवरची परीक्षा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यांतले शेवटचे एक वर्ष इंटर्नशिपचे. महाराष्ट्रातली शासकीय पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे सगळे ज्याला माफसू म्हणतात त्याच्या छत्राखाली येतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही त्यांतली जुनी पाच. पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय कोट्यातून भरते आणि उरलेल्या जागांचे प्रवेश राज्यात होतात.

गोम अशी, की एमबीबीएस, बीडीएस आणि बीएएमएससाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी कक्षाकडे जो अर्ज करायचा, त्यात पशुवैद्यकाचा पर्यायच नसतो. माफसूचा अर्ज वेगळा, परिषदेचा वेगळा, त्यांच्या तारखा वेगळ्या, शुल्क वेगळे, आणि कागदपत्रांच्या फाइलींचे आकारसुद्धा वेगळे. माझ्या क्लासमधली एक मुलगी सीईटी कक्षाच्या अर्जात 'व्हेटर्नरी' कुठे दिसते याची वाट पाहत राहिली आणि तिला कळले तेव्हा माफसूची मुदत संपून तीन दिवस झाले होते. क्लासने दोन वर्षांची फी घेतली, रोजच्या चाचण्या घेतल्या, पण तीन अर्ज वेगवेगळे असतात हे वाक्य एकदाही उच्चारले नाही. क्लासच्या भिंतीवर फक्त एमबीबीएसला गेलेल्यांचे फोटो होते, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखे नसावे.

2023 च्या मे महिन्यातल्या पहिल्या प्रयत्नात मला कुठेच मिळण्यासारखे गुण नव्हते आणि मी एक वर्ष ड्रॉप घेतला. ड्रॉपच्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ते एका टेबलावर, एका पंख्याखाली गेले. शनिवारचा दवाखाना बाबांनी बंद करायला लावला आणि मी तो महिन्यातून एकदा चोरून चालू ठेवला.

5 मे 2024 रोजी दुपारी 2 ते 5.20 या वेळेत परीक्षा झाली. निकाल 14 जूनला लागेल असे सांगितले होते. तो दहा दिवस आधी, 4 जूनला संध्याकाळी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच लागला. घरात टीव्हीवर आघाडी आणि पिछाडीचे आकडे धावत होते, बाबांचा सगळा जीव तिकडे होता, आणि मी आतल्या खोलीत मोबाइलवर माझे गुण पाहत होते. गुण चांगले होते. तासाभरात कळले की ते सगळ्यांचेच चांगले होते. 720 पैकी 720 मिळवणारे 67 जण निघाले आणि त्यानंतर जे सुरू झाले ते सर्वांना ठाऊक आहे: वाढीव गुणांचा वाद, पेपरफुटीच्या बातम्या, ते गुण मिळालेल्या 1,563 जणांसाठी 23 जूनला फेरपरीक्षा आणि सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी. परीक्षा पुन्हा होणार की नाही, हे न कळता आम्ही जवळपास सात आठवडे बसून होतो. पुस्तके आवरावीत की उघडी ठेवावीत, एवढे साधे ठरत नव्हते.

त्या वादातला एक प्रश्न माझ्या वैयक्तिक वाट्याला आला. भौतिकशास्त्राच्या पेपरात अणूबद्दलची दोन विधाने होती, आणि त्यांतले दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. जुन्या पाठ्यपुस्तकात ते बरोबर म्हणून छापलेले होते. नव्या आवृत्तीत ते बदलून 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असे केले होते. मी मावसभावाच्या जुन्या पुस्तकातून अभ्यास केला होता. सुरुवातीला दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली गेली. मग न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले, आणि ज्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी माझ्यासारखे दुसरे उत्तर लिहिले होते, त्यांचे मिळालेले 4 गुण गेले आणि वर चुकीबद्दलचा 1 गुण वजा झाला. सगळ्यांची फेरपरीक्षा होणार नाही असा निर्णय 23 जुलैला आला आणि 26 जुलैला सुधारित निकाल लागला, तेव्हा माझे पाच गुण कमी झालेले होते. किरणोत्सारी मूलद्रव्ये स्थिर नसतात, हे मला अर्थातच ठाऊक होते. प्रश्न वाचताना ते आठवले नाही, पुस्तकातले वाक्य आठवले. तज्ज्ञांवर माझा राग नाही. पाठ केलेल्या वाक्यावर आहे.

माझे एकूण गुण मी इथे मुद्दाम देत नाही. 2024 च्या आकड्यावरून कोणी पुढच्या वर्षीचा अंदाज बांधू नये. 2025 चा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 गुण होते, म्हणजे आदल्या वर्षीच्या 67 जणांपेक्षा 34 कमी. ही दोन वर्षे एका तराजूत घालता येत नाहीत; पाहायचाच असेल तर गुणांऐवजी आपला देशपातळीवरचा क्रमांक आणि त्या क्रमांकाला आदल्या वर्षी काय मिळाले होते, ते पाहावे.

आता दाखल्याकडे परत येते. त्या रांगेतून मी खिडकीपर्यंत पोहोचले, अर्ज भरला, पावती मिळाली आणि पंधरा दिवसांची मुदत सांगण्यात आली. सोळाव्या दिवशी अर्ज त्रुटीसह परत आल्याचे कळले. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचे नाव 'सुनीता' असे दीर्घ होते आणि रेशनकार्डावर 'सुनिता' असे ऱ्हस्व. माझी आई ठाण्याच्या एका मराठी शाळेत गेली वीस वर्षे मराठी शिकवते आणि शुद्धलेखनाच्या वहीत या एका वेलांटीसाठी तिने कित्येकांचा अर्धा गुण कापला असेल. ती माझ्याबरोबर आली, तिने खिडकीतल्या माणसाला मूळ शब्द 'सुनीत' असा असून त्यातली वेलांटी दीर्घच लिहावी लागते हे सांगितले, आणि त्याने अत्यंत नम्रपणे उत्तर दिले की मॅडम, तुमचे बरोबर आहे, पण मग रेशनकार्ड बदलून आणा. शेवटी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले आणि दाखला मिळाला. ड्रॉपच्या वर्षासाठीचे गॅपचे प्रतिज्ञापत्रही त्याच दिवशी करून घेतले. पुढच्यांसाठी एवढेच सांगते, की अधिवासाचा दाखला निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच काढून ठेवावा, आणि अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्या कागदांवरची नावे एका ओळीत मांडून त्यांतल्या वेलांट्या मोजाव्यात.

वैद्यकीय तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि सही करताना, "म्हशीची लाथ बसली तर माझ्याकडे येऊ नकोस, आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा," असे सांगितले. सगळ्या प्रक्रियेतला हा एकमेव कागद पाच मिनिटांत झाला.

माफसूचा अर्ज मी भरला, परिषदेच्या पंधरा टक्क्यांचाही भरला, आणि इथे ते अर्धे खरे वाक्य पूर्ण करायला हवे. बाबांच्या आग्रहाखातर मी सीईटी कक्षाचाही अर्ज भरला. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि त्यांचे म्हणणे साधे होते: एवढे गुण आहेत, तर दार उघडे ठेवायला काय जाते? मी वाद घातला नाही. एमबीबीएस मिळणार नाही हे माझ्या क्रमांकावरून स्पष्ट दिसत होते. तरीही पसंतीक्रमात मी ती नावे वर टाकली, आणि ती टाकताना मनात कुठेतरी आशा हलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या फेरीत मला एका खासगी महाविद्यालयात बीडीएसची जागा दाखवली. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "बघ, निदान माणसांचे दात तरी आहेत." आईला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. मी ती जागा घेतली नाही, आणि त्यानंतर आठवडाभर बाबांचे माझ्याशी बोलणे 'जेवलीस का' आणि 'दार लाव' यापलीकडे गेले नाही.

अखिल भारतीय कोट्यात माझ्या क्रमांकापर्यंत यादी आली नाही. माफसूची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली, हरकतींसाठी मुदत दिली गेली, मग अंतिम यादी लागली. ही यादी वाचायला शिकणे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. आपल्यापुढे किती जण आहेत, एवढे मोजून भागत नाही. त्यांतल्या किती जणांना खरोखर ही जागा हवी आहे, याचा अंदाज बांधावा लागतो. माझ्या वरच्या नावांतली कितीतरी नावे मला सीईटी कक्षाच्या यादीतही दिसली. ती मुले तिकडे एमबीबीएसची किंवा बीएएमएसची वाट पाहत होती आणि इकडे जागा धरून ठेवत होती. वडाळ्याला बसायला मिळेल म्हणून कुर्ल्यापासून खिडकीपाशी उभे राहणाऱ्यांचे मला काही वाटत नाही. पण रुमाल टाकून दुसऱ्या डब्यात जाऊन बसणाऱ्यांची मात्र त्या दिवसांत फार चीड येत असे. तसा माझाही एक रुमाल पलीकडच्या डब्यात पडलेला होताच, हे तेव्हा ध्यानात येत नसे.

पसंतीक्रमात मी पहिले मुंबई लिहिले, दुसरे शिरवळ. पुस्तकावर लिहिलेला शब्द खाली का गेला, तर ठाण्याहून परळ स्लो लोकलने पाऊण तासावर आहे आणि घरचा डबा खाऊन शिकता येते. मोठ्या निर्णयांची कारणे एवढी लहानच असतात. पहिल्या फेरीत मला उदगीर मिळाले. मी जागा स्वीकारली आणि पुढच्या फेरीचा पर्याय खुला ठेवला. हे कोणत्या अटींवर करता येते, जागा स्वीकारून पुढची मिळाली तर आधीच्या जागेवरचा हक्क केव्हा सुटतो, आणि नाकारल्यास पुढच्या फेरीत बसता येते की नाही, हे ज्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून शब्द न शब्द वाचून घ्यावे; मोठ्या बहिणीच्या मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नये.

उदगीर म्हटल्यावर आईला 2022 चे साहित्य संमेलन आठवले आणि बाबांना सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलेली 1760 ची लढाई. त्या लढाईच्या निमित्ताने बाबा आठवड्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी सलग दहा मिनिटे बोलले आणि तेच माझ्याबरोबर आले. कल्याणहून रात्री बिदर एक्स्प्रेसने निघालो. दोघांच्या मध्ये कागदपत्रांची फाइल उशीसारखी ठेवली होती. रात्रभर त्यांचा एक हात तिच्यावर होता. महाविद्यालयात मूळ कागद तपासून घेतले गेले, शुल्क भरले, आणि आईच्या नावाच्या वेलांटीबद्दल तिथे कोणी एक शब्दही काढला नाही.

काम झाल्यावर आम्ही आवारातून चालत होतो, तेव्हा पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, लोंबत्या कानांची एक गाय दिसली. ती देवणी होती. उदगीरच्या शेजारचा देवणी तालुका हे या जातीचे माहेर. नाव मी पुस्तकात वाचले होते, पण गाय आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिथल्या गड्याने बाबांना तिच्या डाव्या भकाळीवर तळवा ठेवायला सांगितले. बाबांनी जरा बिचकत ठेवला. आत काहीतरी संथपणे वर आले, तळव्याला लागले आणि खाली गेले. "चरलेलं पोट आहे, मिनिटाला एक-दोनदा असं हलतं. हललं नाही तर डॉक्टरला बोलवायचं," गडी म्हणाला. बाबा कारखान्यात बेअरिंगचा आवाज ऐकून यंत्राचे दुखणे ओळखतात. त्यांनी घड्याळ काढले आणि पूर्ण दोन मिनिटे तिथे हात ठेवून मोजत उभे राहिले. मला म्हणाले, "तीन वेळा." परतीच्या गाडीत त्यांनी बीडीएसचा विषय काढला नाही, आणि पुढेही कधी काढला नाही.

मी उदगीरला थोडेच दिवस राहिले. खोली लावली, शरीररचनाशास्त्राचे पहिले तास झाले, हाडांची पेटी हातात घेतली, आणि तेवढ्यात एमबीबीएसच्या पुढच्या फेऱ्यांनी इकडची मुले खेचायला सुरुवात केली. वर्गातली तिसऱ्या बाकावरची मुलगी एका संध्याकाळी सामान बांधून निघाली. तिला कोकणात एमबीबीएस मिळाले होते. ती आनंदाने रडत होती आणि मी तिच्या पिशव्या रिक्षापर्यंत नेल्या. पुढच्या फेरीत माझ्या नावापुढे मुंबई आले. ज्या रुमाल टाकणाऱ्यांवर मी दोन महिने चिडत होते, त्यांच्यातलेच कोणीतरी परळहून उठले होते, म्हणून मला बसायला मिळाले. तेव्हापासून मी त्या विषयावर जपून बोलते.

उदगीरहून मूळ कागद परत घेणे, ते मुंबईत जमा करणे आणि मधल्या काळात मुदत न चुकवणे, ही धावपळ होती, पण तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. परळला उतरून मी पहिल्यांदा रस्ता विचारला, तो चहाच्या टपरीवर. व्हेटर्नरी कॉलेज म्हटल्यावर चहावाल्याने नुसतेच पाहिले. मग बाजूला उभ्या असलेल्या एका आजोबांनी त्याला समजावले, "अरे, बैलघोडा हॉस्पिटल विचारतेय ती," आणि त्याने लगेच हात करून दाखवले. केईएम, टाटा आणि वाडियाच्या या इलाख्यात पेशंटचे नातेवाईक रात्री फुटपाथवर झोपतात. त्याच वस्तीत 1886 पासून हे महाविद्यालय आहे आणि त्याच्या आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. बैल आणि घोडे ओढत होते ती मुंबई केव्हाच गेली, नाव मात्र टिकले. फाटकातून मी शिरले तेव्हा एक बाई कडेवर मूल घ्यावे तसा बोका टॉवेलात गुंडाळून घेऊन चालली होती, आणि तिच्यामागे दोन माणसे एका बैलाला टेम्पोतून फळीवरून उतरवत होती. फिनेल, ओले गवत आणि शेण यांचा मिळून एक वास होता. मला मामाच्या गोठ्याची आठवण झाली नाही. वर्तकनगरातल्या दवाखान्याची झाली, कारण तो बोका तारस्वरात ओरडत होता आणि त्या बाईला टॉवेल कसा धरावा, ते कोणी सांगितलेले नव्हते.

प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने माझे कागद एकेक करून तपासले, नीटच्या गुणपत्रिकेवर क्षणभर बोट ठेवले आणि मान वर न करता विचारले, "नक्की राहणार ना? की पुढच्या राउंडला परत येणार दाखला मागायला?" मी राहणार म्हटले. त्याने मूळ दाखला फाइलीत लावला, दोरी ओढून गाठ मारली आणि पावती फाडून दिली.

दुसऱ्या दिवशी 7.20 च्या स्लो लोकलने निघाले. वर्गात हजेरी घेताना सरांच्या हातातली यादी छापील होती; तिच्यातली काही नावे लाल शाईने खोडलेली होती आणि तळाशी चार-पाच नावे पेनाने लिहिलेली होती. सवयीने सरांच्या तोंडून एक खोडलेले नाव गेले. कोणीच उत्तर दिले नाही. मागून कोणीतरी "सर, ती गेली, एमबीबीएसला," असे सांगितले. सरांनी मान डोलावली, पान उलटले, तळाशी आले आणि माझे नाव वाचायला थोडे अडखळले, कारण अक्षर घाईत लिहिलेले होते.

मी उभी राहून "हजर, सर" म्हणाले.